महायुद्धोत्तर आगबोटींची आखणी आणि शेठ वालचंद हिराचंद

दख्खनच्या पठारावर वसलेल्या सोलापूरचा समुद्राशी तसा काही संबंध नाही. कापूस, सूत, धान्य आणि सावकारी यांवर पोसलेल्या या शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. दोशी कुटुंब मूळचे काठेवाडातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन, आणि व्यापारानिमित्त सोलापुरी स्थिरावलेले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे पेढी सांभाळणारे व्यापारी तर होतेच, शिवाय 'जैन बोधक' या मासिकाद्वारे समाजात शिक्षण व सुधारणेचा विचार रुजविणारे कार्यकर्तेही होते. अशा घरातील मुलाने पुढे रेल्वेच्या कामांची कंत्राटे घ्यावीत, बोगदे खणावेत, साखर कारखाना उभारावा, येथवर समजण्यासारखे आहे. परंतु त्याने समुद्रावरील साम्राज्यसत्तेला आव्हान द्यावे, ही गोष्ट असाधारणच म्हणावी लागेल.

वालचंदशेठ यांच्या विमान आणि मोटार कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने एक विषय मागे राहिला. महायुद्ध संपल्यावर देशाच्या मालवाहू आगबोटी किती असाव्यात, त्या कोठे बांधाव्यात आणि कोणत्या मार्गांवर चालवाव्यात, याची आखणी त्यांच्या आयुष्यात दोनदा करावी लागली. पहिल्या महायुद्धानंतरची आखणी अपुरी ठरली. त्या अपुरेपणातून जो धडा मिळाला, त्यावर दुसऱ्या महायुद्धानंतरची आखणी उभी राहिली.

समुद्रमार्गांची मक्तेदारी

हिंदुस्थानला जहाजबांधणी नवी नव्हती. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची अशी जहाजे बांधली की, ब्रिटिश आरमारही ती आनंदाने वापरीत असे. १८१७ मध्ये येथे बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये जतन करून ठेवलेली आहे. पण लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडाची जागा वाफेने घेतली, तेव्हा हे वैभव ओसरले. लोखंडी आगबोटी क्लाइड आणि टाइन नद्यांच्या काठी बांधल्या जाऊ लागल्या, आणि ज्यांच्या आगबोटी त्यांचेच मार्ग, अशी स्थिती झाली.

१८५६ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे 'ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन' या नावाने प्रसिद्धीस आलेली कंपनी कलकत्ता, रंगून, मद्रास, कोलंबो, मुंबई, कराची आणि इराणी आखात या साऱ्या बंदरांना जोडीत होती. १९१४ मध्ये ती पी. अँड ओ. या बलाढ्य कंपनीशी एकत्र झाली आणि लॉर्ड इंचकेप यांच्या हाती पूर्वेकडील समुद्रमार्गांच्या नाड्या आल्या. रंगूनचा तांदूळ, बंगालचा कोळसा, ब्रह्मदेशचे सागवान, कलकत्त्यास जाणारे मीठ, हा सारा माल हिंदी व्यापाऱ्यांचा असे, परंतु त्याचे भाडे परक्यांच्या तिजोरीत जाई.

या मक्तेदारीचे शस्त्र दुहेरी होते. पहिले शस्त्र दरयुद्धाचे. नवी हिंदी कंपनी पाण्यात उतरली की, तिच्या मार्गावरील भाडे एकदम उतरवायचे आणि ती बुडाली की पुन्हा चढवायचे. जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये जपानच्या मार्गावर केलेला प्रयत्न याच रीतीने मोडला. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी काढलेली स्वदेशी आगबोट कंपनीही दरयुद्ध आणि सरकारी रोष यांच्या कात्रीत सापडली.

दुसरे शस्त्र अधिक सूक्ष्म होते. जो व्यापारी आपला सर्व माल याच कंपन्यांच्या आगबोटींतून पाठवील, त्याला दिलेल्या भाड्यातील काही हिस्सा काही महिन्यांनी परत मिळत असे. मधल्या काळात त्याने एक खेप जरी दुसऱ्याच्या बोटीतून पाठविली, तरी साचलेली सारी सूट बुडे. व्यापारी मनाने स्वदेशीचा असला, तरी त्याची रक्कम परक्या कंपनीकडे अडकलेली असे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला या बंधनाचे बळ वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'लॉयल्टी' आणि पहिला धडा

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी असंख्य जहाजे बुडविली. उरलेली सरकारने युद्धकार्यास लावली. मालाला बोट मिळेना आणि मिळाली तर भाडे परवडेना. याच सुमारास ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णनौका म्हणून चालविलेली 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस असल्याचे वालचंदशेठ यांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ती घेतली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनच्या सफरीवर निघाली. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

दिवस गौरवाचा खरा, पण हिशेब वेगळेच सांगत होता. 'लॉयल्टी' ही १८९१ मध्ये इंग्लंडात बांधलेली, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची जुनी प्रवासी बोट होती. अठ्ठावीस वर्षांच्या या बोटीचा खर्च उत्पन्नाला पेलेना. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. कंपनीने अन्य आगबोटी मिळविल्या, परंतु त्याही परदेशी गोद्यांतच बांधलेल्या. शिवाय बोटी मिळाल्या म्हणजे माल मिळतोच असे नव्हे, हे लवकरच दिसून आले. किनाऱ्यावर ब्रिटिश कंपनीने भाडे उतरविले आणि सिंदियाचा तोटा वाढत गेला.

अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनारी मालवाहतुकीपुरतेच राहावे आणि आपल्या ताफ्याचा टनभार ७५ हजारांपुढे नेऊ नये, अशी बंधने त्यात होती. मानी माणसाला हा करार बोचणारा होता. मात्र कंपनी जिवंत राहिली, आणि त्या काळी जिवंत राहणे हाच मोठा विजय होता. तिच्या अगोदर पाण्यात उतरलेल्या बहुतेक हिंदी कंपन्यांना तेवढेही साधले नव्हते.

याच वर्षी सरकारने कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी व्यापारी नौकानयन समिती नेमली. किनारी वाहतूक क्रमाक्रमाने हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी आणि हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून प्रशिक्षण द्यावे, अशा शिफारशी तिने केल्या. त्यांपैकी दुसरी अमलात आली. कोकण किनाऱ्यावरील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या परक्यांच्या बोटींवर राबत होते, परंतु अधिकाऱ्याच्या जागा हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होत्या. १९२७ मध्ये मुंबई बंदरात 'डफरिन' ही प्रशिक्षण नौका सुरू झाली आणि ते दार किलकिले झाले. पहिली शिफारस मात्र कागदावरच राहिली. सारभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक आणले, तेही कायद्यात उतरले नाही.

पहिल्या युद्धानंतरच्या दहा वर्षांनी वालचंदशेठ यांना जे शिकविले ते थोडक्यात असे होते. नुसत्या बोटी विकत घेऊन भागत नाही. बोटीला मालाचा हक्काचा वाटा लागतो, तो वाटा टिकविण्यास कायदा लागतो आणि नवी बोट बांधण्यास स्वतःची गोदी लागते. यांतील एक जरी नसले, तरी बाकीचे लंगडे पडतात. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर कंपनीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हापासून हे तिन्ही धागे एकत्र ओवण्याचा प्रयत्न त्यांनी चालविला.

युद्धाच्या धामधुमीत गोदीचा पाया

गोदीसाठी प्रथम कलकत्त्याचा विचार झाला. कोळसा, पोलाद आणि कुशल कामगार तेथे जवळ होते. तथापि योग्य अटींवर जागा मिळाली नाही. मग नजर विशाखापट्टणमकडे वळली. 'डॉल्फिन्स नोज' या डोंगराच्या आडोशाला असलेले हे बंदर १९३३ मध्ये मोठ्या जहाजांना खुले झाले होते. मद्रास आणि कलकत्ता यांच्या मध्यावर ते वसलेले होते, आणि जमशेदपूरच्या पोलादाशी त्याला रेल्वेने जोडले होते. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीचा पायाचा दगड बसविण्यात आला.

युद्ध ऐन भरात असताना दोस्तराष्ट्रांना बोटींची नितांत गरज होती. कॅनडाच्या गोद्यांनी या युद्धात दहा हजार टनी मालवाहू बोटी तीनशेहून अधिक बांधल्या. ऑस्ट्रेलियातही मालवाहू बोटी बांधल्या गेल्या. हिंदुस्थानात मात्र व्यापारी जहाजबांधणी हा युद्धकार्याचा भाग मानण्यास सरकार तयार नव्हते. त्यामुळे यंत्रे आणि साहित्य मिळविताना कंपनीला अग्रक्रम मिळाला नाही. साम्राज्य एकच होते, समुद्र एकच होता आणि शत्रूही एकच होता, पण न्याय दोन होते.

त्यातच ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. गोदीचे काम थांबले आणि यंत्रसामग्री मुंबईस हलवावी लागली. पायाचा दगड बसवून वर्षही झाले नव्हते. एखाद्या व्यापाऱ्याने येथे तोट्याची वही मिटविली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. कंपनीने काम सोडले नाही. परिस्थिती निवळताच गोदीची उभारणी पुन्हा सुरू झाली आणि १९४६ मध्ये पहिल्या आगबोटीचा कणा गोदीत घातला गेला.

वीस लाख टनांची आखणी

दरम्यान दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्या बसल्या होत्या. १९४५ मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली नौकानयनाची उपसमिती नेमली गेली आणि १९४७ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सिंदियासारख्या कंपन्या पंचवीस वर्षे जे मागत आल्या होत्या, ते प्रथमच आकड्यांच्या भाषेत सरकारी कागदावर उतरले.

समितीने पाच ते सात वर्षांत गाठावयाची उद्दिष्टे अशी मांडली. किनारी वाहतूक शंभर टक्के हिंदी जहाजांकडे असावी. ब्रह्मदेश, सिलोन आणि शेजारच्या देशांशी होणाऱ्या व्यापारातील ७५ टक्के, दूरच्या देशांशी होणाऱ्या व्यापारातील ५० टक्के आणि युद्धापूर्वी पूर्वेकडील मार्गांवर जर्मनी, इटली व जपान यांच्या बोटी जी वाहतूक करीत तिच्यातील ३० टक्के वाटा हिंदी जहाजांना मिळावा. यासाठी एकंदर टनभार २० लाख असावा. तसेच हिंदी नौकानयन म्हणजे हिंदी नागरिकांच्या मालकीचे, त्यांच्या नियंत्रणाखालील आणि त्यांनीच चालविलेले नौकानयन, अशी स्पष्ट व्याख्याही समितीने केली. नुसती मुंबई-कलकत्त्यात नोंदणी करून परकी कंपनी हिंदी होऊ शकणार नाही, असा याचा अर्थ होता.

या आखणीचा आवाका समजण्यास एक आकडा पुरे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशाचा एकूण व्यापारी टनभार सुमारे १ लाख ९२ हजार होता. म्हणजे उद्दिष्ट दसपटीहून मोठे होते. सरकारने जुलै १९४७ मध्ये हे धोरण तत्त्वतः मान्य केले.

नकाशा बदलला

आणि एका महिन्यातच, ज्या नकाशावर ही आखणी बेतलेली होती, तो नकाशाच बदलला. १५ ऑगस्ट १९४७ नंतर कराची आणि चितगाव ही बंदरे परदेशात गेली. मुंबई-कराची हा किनारी मार्ग होता, तो एका रात्रीत परदेशी मार्ग झाला. रंगूनच्या तांदळाचा व्यापार, ज्यावर किनारी बोटींचे पोट अनेक वर्षे अवलंबून होते, तो जपानी आक्रमणात उद्ध्वस्त झाला होता आणि पूर्वपदावर आला नाही. १९४८ च्या आरंभी ब्रह्मदेश आणि सिलोनही स्वतंत्र झाले. आपल्या व्यापारातील ७५ टक्के वाटा हिंदी जहाजांकडे जावा, असे त्यांनी का मानावे? पुढे त्या देशांनीही आपापल्या जहाज कंपन्या काढल्या.

येथे आखणीतील एक उणीव मोकळेपणाने मान्य करावयास हवी. ती परक्यांच्या मक्तेदारीविरुद्ध होती, परंतु ज्या मार्गांवर तिची मांडणी झाली, ते मार्ग साम्राज्यानेच आखलेले होते. साम्राज्य गेले तेव्हा मार्गांचे हिशेबही बदलले. टक्केवारीचे अंदाज त्यामुळे चुकले. आखणीतील एकच गोष्ट अशी होती की जी कोणत्याही सीमारेषेने हिरावून घेतली नाही, आणि ती म्हणजे विशाखापट्टणमची गोदी. मार्ग बदलले तरी बोटी लागणारच होत्या, आणि त्या बांधण्याची जागा आता आपली होती.

'जल-उषा'

१४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 'जल-उषा' या आगबोटीचे जलावतरण झाले. आठ हजार टन माल वाहू शकणारी ही वाफेवरील आगबोट स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली मोठी आगबोट होय. सिंदियाच्या बोटींची नावे 'जल' या शब्दाने सुरू होत. त्या परंपरेत 'उषा' हे नाव समयोचित होते. तिच्या पाठोपाठ 'जल-प्रभा' पाण्यात उतरली.

समारंभ संपल्यावर पुन्हा हिशेब आलेच. इंजिने आणि कित्येक यंत्रे परदेशातून आणावी लागत. कारागीर नवखे होते. त्यामुळे येथे बांधलेली बोट इंग्लंडमध्ये बांधलेल्या बोटीपेक्षा महाग पडे. गोदीला सतत मागणी हवी असते. मागणी थांबली की शिकून तयार झालेले कामगार पांगतात आणि पुढची बोट आणखी महाग होते. एका खाजगी कंपनीने स्वतःच गोदी चालवावी आणि स्वतःच तिच्या बोटी विकत घ्याव्यात, हे फार काळ निभणारे नव्हते. सरकारने मदत म्हणून काही बोटींची मागणी नोंदविली, तरी प्रश्न सुटला नाही.

१९४९ मध्ये वालचंदशेठ यांना पक्षाघात झाला आणि ते कामकाजातून निवृत्त झाले. जानेवारी १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १ मार्च १९५२ रोजी गोदी तिच्या स्वाधीन करण्यात आली. दोन तृतीयांश भाग सरकारचा आणि एक तृतीयांश सिंदियाचा होता. १९६१ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. परदेशी बोटीची किंमत आणि येथील खर्च यांतील फरक सरकार अनुदानरूपाने सोसू लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे निधन झाले, तेव्हा गोदी त्यांच्या कंपनीची उरली नव्हती, मात्र तिचे काम चालू होते.

हिशेबाची बाकी

उद्दिष्टांचे काय झाले? १९५० मध्ये किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. १९२८ च्या विधेयकात जे मागितले होते, ते बावीस वर्षांनी पदरात पडले. वीस लाख टनांचा टप्पा मात्र सात वर्षांत नव्हे, तर जवळजवळ वीस वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस गाठला गेला. सरकारी नौकानयन महामंडळे निघाली आणि २ ऑक्टोबर १९६१ रोजी त्यांच्या एकत्रीकरणातून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अस्तित्वात आली. सिंदिया कंपनीचे वैभव पुढील काळात ओसरले. विशाखापट्टणमच्या गोदीने मात्र शेकडो जहाजे बांधली आणि दुरुस्त केली. २०१० मध्ये ती संरक्षण मंत्रालयाकडे सोपविण्यात आली. त्या शहरातील गोदीजवळचा भाग आजही 'सिंदिया' याच नावाने ओळखला जातो. गोदीची मालकी दोनदा बदलली, कंपनी मागे पडली, तरी लोकांच्या तोंडी नाव राहिले.

व्यापाऱ्याची दृष्टी नफ्या-तोट्यापलीकडे जात नाही, असा एक समज रूढ आहे. वालचंदशेठ यांनी नफ्याचा विचार कधीच सोडला नाही. दरयुद्धाच्या काळातही कंपनी बुडू नये, म्हणून त्यांनी बोचरा करार पत्करला. पण नफ्याच्या पुढचा विचारही त्यांनी केला. बोट ही विकत घेता येते, परंतु बोट बांधण्याची विद्या विकत घेता येत नाही, ती देशात रुजवावी लागते. यासाठी लागणारा काळ एका माणसाच्या आयुष्याहून मोठा असतो, हे ओळखून त्यांनी पाया घातला, आणि वेळ आली तेव्हा ते काम मोठ्या हाती सोपविण्यात त्यांच्या कंपनीने कमीपणा मानला नाही.

दान आणि विश्वस्तवृत्ती यांचा संस्कार लाभलेल्या समाजाला यातील मर्म सहज कळावे. संस्था उभी करणाऱ्याची मालकी संपते, हिशेबाच्या वह्या बदलतात, नकाशेही बदलतात. योग्य जागी आणि योग्य हेतूने घातलेला पाया मात्र पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडत राहतो. समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या एका जैन घराण्यातील पुत्राने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेला वारसा हाच आहे.